ताळा



एजंट म्हटलं की आमच्या पिढीला विम्याचा एजंट आठवतो. आता संगणकातले एजंट आलेत. त्यांना काम सांगायचं आणि त्यांनी ते टप्प्याटप्प्यानं करायचं. आलेली पत्रं वाचायची, माहिती तक्त्यात भरायची, हिशेब करायचा, उत्तर पाठवायचं. एका टप्प्यातून जे निघेल ते पुढच्याच्या हाती. अशा साखळ्या बांधणं हा आज मोठा उद्योग झालाय. कल्पना मात्र सव्वादोनशे वर्षांपूर्वीची, आणि तेव्हा संगणक नव्हते, माणसं होती!

फ्रान्समध्ये क्रांतीनंतर मोजमापं दशमान करायचं ठरलं. काटकोनाचे ९० ऐवजी १०० भाग. म्हणजे कोष्टकं सगळी नवी हवीत, शिवाय १ ते २,००,००० आकड्यांचे लॉगॅरिथमही. १७९० च्या दशकात हे काम गास्पार द प्रोनी या इंजिनियरकडे आलं. एकट्यादुकट्याच्या जन्मात संपणारं नव्हतं ते.

ॲडम स्मिथच्या १७७६ च्या ग्रंथात टाचण्यांच्या कारखान्याचं वर्णन आहे. काम वाटून घेतल्यामुळे दहा माणसं दिवसाला ४८,००० टाचण्या करत. ते वाचून प्रोनीनं ठरवलं, लॉगॅरिथमही असेच करायचे. त्यानं तीन फळ्या केल्या. वर पाच-सहा मोठे गणिती, त्यांनी सूत्रं निवडायची. मधे सात-आठ जाणकार, त्यांनी सूत्रांत आकडे घालून द्यायचे. खाली साठ-ऐंशी माणसं, त्यांनी फक्त बेरीज-वजाबाकी करायची.

चार्ल्स बॅबेजनं १८३२ च्या पुस्तकात हे सगळं सांगितलंय. खालच्या फळीतल्या दहातल्या नऊजणांना बेरीज-वजाबाकीपलीकडे गणित येत नव्हतं, आणि त्यांचीच उत्तरं जास्त शिकलेल्यांपेक्षा बहुधा अचूक असत. पण पुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. कागद मधल्या फळीकडे परत येत, आणि सगळी आकडेमोड पुन्हा न करता ते पडताळण्याची सोय तिच्याकडे होती. आपल्या भाषेत सांगायचं तर, ताळा! या खालच्या फळीचं काम यंत्रानं करावं म्हणूनच बॅबेजनं आपलं डिफरन्स इंजिन आखलं.

पुढे संगणक आले. १९६४ मध्ये बेल लॅब्जच्या डग मॅकिलरॉय यांनी सुचवलं की बागेतल्या पाण्याच्या नळ्यांसारखे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत. १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये ते करून दाखवलं. त्याला म्हणतात पाइप. एकाचं उत्तर दुसऱ्याचं उदाहरण. पण नळीतून स्वच्छ पाणी जातं तसं गढूळही जातंच.

आजच्या एजंटचं वेगळेपण असं, की पुढची पायरी कोणती हे पुष्कळदा तो स्वतःच ठरवतो. प्रोनीच्या खालच्या माणसाला ती मुभाच नव्हती. म्हणून आता ताळ्याची गरज वाढली आहे. साधा हिशेब करू. समजा प्रत्येक पायरी शंभरात ९५ वेळा बरोबर येते. पेपरात ९५ मार्क म्हणजे आपण पेढे वाटू! पण एकामागून एक अशा २० पायऱ्या जोडल्या आणि मधली चूक कुणी पकडली नाही, तर अख्खं काम शंभरात जेमतेम ३६ वेळा बिनचूक होईल.

आपल्या नात्यातली काही मुलं याच कामात आहेत, ती हे वाचतील. त्यांना माझे दोनच प्रश्न. तुमच्या साखळीत ताळा कोणत्या पायरीवर आहे? पैसे निघून गेल्यावर, पत्र पोचल्यावर केलेल्या ताळ्याचा काय उपयोग? आणि तो ताळा करणारा वेगळा कुणी आहे ना, की ज्यानं वही लिहिली त्यालाच तपासायला दिलीत?

असो. उत्तरं जरूर कळवा.