ऊसतोड कामगार

ऊसतोड कामगार : साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात ऊस तोडणारा, पाचट काढून मोळ्या बांधणारा आणि त्या वाहनात भरून देणारा स्थलांतरित मजूरवर्ग. दसरा-दिवाळीच्या सुमारास ही माणसे गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. महाराष्ट्रातील त्यांच्या संख्येचे अंदाज ८ लाखांपासून १५ लाखांपर्यंत आहेत. सर्वाधिक मजूर मराठवाड्यातील बीड जिल्ह्यातून जातात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी हे तिथले तालुके आणि शेजारच्या अहिल्यानगरमधील पाथर्डी तालुका हा या कामाचा जुना पट्टा. वंजारी, बंजारा, दलित आणि भिल्ल समाजांतील अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबे यात मोठ्या संख्येने आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर आणि सीमेपलीकडे कर्नाटकातील कारखाने हे त्यांचे मुक्काम.

प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०च्या सुमारास सुरू झाला. पुढच्या काही दशकांत पश्चिम महाराष्ट्रात पाटाच्या पाण्यावर ऊस आणि कारखाने दोन्ही वाढले. कोरडवाहू मराठवाड्याला मात्र पाणी मिळाले नाही. १९७२च्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांचा ओघ उसाच्या फडाकडे आणखी वाढला.

या व्यवसायात मजूर एकेकट्याने मोजला जात नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकटा आला तर ‘अर्धा कोयता’. पावसाळ्यात हात रिकामे असतात, तेव्हा कारखान्याला मजूर पुरवणारा मुकादम कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती ५० हजारांपासून लाख-सव्वा लाखापर्यंत असते. घरातले लग्न, दवाखाना, बियाणे, मागच्या वर्षीची फिरलेली बाकी असे सारे त्या उचलीत निघून जाते, आणि हंगामभर काम करून ती फेडायची असते.

हिशेब मांडला की गरिबी कशी टिकून राहते ते दिसते. जानेवारी २०२४मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एक कोयता पहाटेपासून राबून दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडतो. दोन टनच धरले, तरी जोडीला ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६. लाखाची उचल फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टनांप्रमाणे त्याला साडेचार महिने लागतात, तेही एक दिवस न चुकता. ऊस कमी असला की हंगाम तीन महिन्यांतच आटोपतो. उरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या उचलीत मिळवली जाते आणि त्याच मुकादमाकडे पुन्हा जावे लागते. आजारपणाने दिवस बुडाला तर तो ‘खाडा’. त्याची मजुरी मिळत नाहीच, वर ५०० ते १००० रुपये दंड कापला जातो. अडीअडचणीला हाती रोख पैसा येतो तो उसाचे वाढे चाऱ्यासाठी विकून.

बाईचा दिवस पुरुषाच्या आधी सुरू होतो. कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, पाणी आणून, भाकऱ्या थापून ती फडात जाते. नवऱ्याने तोडलेला ऊस गोळा करते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री भरून द्यावी लागते. फडावर संडास नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही. बीडमधील बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९मध्ये ओरड झाल्यावर शासनाने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे दर सहा जणींमागे एकीचे, गर्भाशय काढलेले आढळले. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. खाड्याची भीती आणि खासगी दवाखान्यांचा सल्ला मिळून हा आकडा झाला आहे. तो केवळ आरोग्याचा प्रश्न मानणे चूक ठरेल.

शेतकऱ्याच्या उसाला केंद्र सरकार एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) ठरवून देते. साखरेलाही किमान विक्री दर आहे. २०१९मध्ये तो किलोला ३१ रुपये झाला. तोडणीचा दर मात्र साखर संघ आणि कामगार संघटना यांच्या वाटाघाटीत ठरतो, तोही बहुधा संपाचा इशारा दिल्यावर. कारखाना मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी करार करतो, त्यामुळे कागदोपत्री मजुराचा मालक कारखाना नसतोच. १९७९चा स्थलांतरित कामगार कायदा आंतरराज्य मजुरांपुरता होता. बीडहून सांगलीला गेलेला मजूर त्याच्या बाहेरच राहिला.

शासनाने बीडचे दिवंगत नेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापले असून त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घेण्याची तरतूद आहे. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. पूर्वी कारखान्यांच्या परिसरात त्यांच्यासाठी साखरशाळा चालत. आजही आजी-आजोबांचा आधार नसलेली मुले आईबापांबरोबर फडावर येतात आणि त्यांचे निम्मे शालेय वर्ष बुडते. थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळते.

स्त्री आणि पुरुष यांची स्वतंत्र नोंदणी व्हावी, दोघांना वेगळे ओळखपत्र मिळावे, मजुरी ज्याच्या-त्याच्या बँक खात्यात जमा व्हावी आणि कारखान्याला मुख्य मालक मानावे, या संघटनांच्या मागण्या आहेत. यांपैकी एकही अवाजवी नाही. उसाचे वजन कारखान्याच्या काट्यावर किलोपर्यंत नोंदले जाते; तो तोडणाऱ्या बाईचे नावही तिथेच नोंदवणे कारखान्यांना सहज शक्य आहे, आणि शासनाने ते सक्तीचे करावे.