रिकामी पुंगळी

आपल्या स्वयंपाकघरात खलबत्ता असतो, पुष्कळ घरी पाटा-वरवंटाही अजून असतो आणि विजेवर चालणारा मिक्सर तर असतोच. कुटण्या-वाटण्याचे काम एकच. मग साधने तीन कशाला, असे आपण कोणी विचारत नाही. आज आम्ही ज्या छंदाविषयी बोलणार आहोत तो अमेरिकेतला आहे आणि त्याचा संबंध काडतुसांशी आहे. परंतु प्रश्न याच जातीचा आहे. तिकडे हौसेने नेमबाजी करणाऱ्या गृहस्थाच्या तळघरात किंवा मोटारखान्यात गेलो, तर जाड लाकडी बाकावर काडतुसे भरण्याची दोन-तीन यंत्रे ओळीने बसवलेली दिसण्याचा पुष्कळ संभव असतो. एक माणूस, त्याचे हात दोन. मग यंत्रे इतकी का? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर हौसेत थोडे आणि इतिहासात अधिक आहे.

काडतुसाची अंगे चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली स्फोटक टोपी, आतली दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की टोपी निकामी होते, दारू जळते, गोळी निघून जाते. मागे उरते ती पुंगळी. मौज अशी की, या चौघांत सामान्यतः सर्वांत महाग तीच. ती थोडी फुगलेली असते, एवढेच. तिला साच्यात दाबून मूळ मापावर आणले आणि टोपी, दारू व गोळी नवी घातली, की तीच पुंगळी पुन्हा पुन्हा कामास येते. पुंगळी दाबण्यास बळ लागते, म्हणून यंत्र लागते.

हा छंद अमेरिकेतच इतका का फोफावला, याचे एक कारण टोपीच्या रचनेत आहे. १८६६ च्या सुमारास टोपी बसवण्याच्या दोन पद्धती निघाल्या. इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असते. त्यातून सळई घालून जुनी टोपी सहज पाडता येते. अमेरिकन हायरम बर्डन यांच्या पद्धतीत बाजूला बारीक भोके असतात, आणि टोपी काढणे जिकिरीचे होते. दैवगती अशी की, इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात! अमेरिकन माणसाच्या हाती पुन्हा भरण्यास सोयीची पुंगळी आयती आली.

शिवाय त्याला गरजही होती. १८७० च्या दशकात पश्चिमेच्या मैदानांत रानरेड्यांची शिकार करणारे लोक दुकानापासून शेकडो मैल दूर असत. ते शिसे, दारू आणि टोप्या बरोबर बाळगीत व मुक्कामावर काडतुसे भरीत. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे ‘आयडियल’ कंपनी काढली आणि सांडशीसारखे एक सुटसुटीत हत्यार बाजारात आणले. १९२५ मध्ये लायमन कंपनीने तो धंदा विकत घेतला. आपल्याकडे पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ मध्येच निघाला होता. परंतु तो सरकारी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानेही परवान्यावाचून दारूगोळा बनवण्यास मनाई आहे. तिकडे जी गोष्ट घरातल्या बाकावर आली, ती इकडे कारखान्याच्या भिंतीआड राहिली.

सांडशीची जागा बाकावरच्या भक्कम यंत्राने घेतली, तिला मोठा हातभार लागला तो दुसऱ्या महायुद्धाचा. युद्धकाळात सर्व माल सैन्याकडे जाऊ लागला आणि नागरिकांना काडतुसे मिळेनाशी झाली. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी वडिलांच्या लॉन्ड्रीच्या मागील खोलीत गोळ्या घडवण्याचे साचे करण्यास आरंभ केला. पॉइंट २२ बोअरच्या, एरवी फेकून देण्याच्या पुंगळ्यांपासून ते गोळीचे वरचे कवच करीत. त्यांचीच पुढे ‘आरसीबीएस’ कंपनी झाली. युद्ध संपताच कॅन्ससमधील ब्रूस हॉजडन यांनी सैन्याची शिल्लक दारू घेऊन ती हौशी लोकांना विकली, आणि १९४९ मध्ये नेब्रास्कात जॉइस हॉर्नडी यांनी गोळ्यांचा कारखाना काढला.

या काळातले यंत्र एकखणी होते. त्यात एका वेळी एकच साचा बसतो. पन्नास पुंगळ्या दाबून घ्यायच्या, साचा बदलायचा, मग पुढची क्रिया पन्नासांवर करायची. तासाला पन्नास-साठ काडतुसे झाली तरी पुष्कळ. परंतु प्रत्येक पुंगळी डोळ्यांखालून जाते आणि दारू तोलूनमापून पडते. दूरच्या लक्ष्यावर नेम धरणाऱ्याला हेच हवे असते.

पुढे साचे फिरत्या मस्तकावर बसवलेली यंत्रे आली. साचा काढण्या-घालण्याची दगदग वाचली. १९७६ मध्ये मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे व्यावहारिक नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि पिस्तुलाच्या चुरशीच्या स्पर्धांना जोर चढला. स्पर्धकाला सरावासाठी आठवड्याला शेकडो काडतुसे लागतात. दांडा एकदा खाली ओढला की सर्व खणांतली कामे एकदम व्हावीत आणि एक तयार काडतूस बाहेर पडावे, अशी यंत्रे पूर्वीही होती. परंतु १९८० च्या दशकात ॲरिझोनातील माइक डिलन यांच्या कारखान्याने ती सामान्य हौशी माणसाच्या बाकावर आणली. तासाला चार-पाचशे काडतुसे निघू लागली. वेगाबरोबर धोकाही आला: एखाद्या पुंगळीत दारू दुप्पट पडली आणि लक्ष दुसरीकडे असले, तर बंदूक फुटून हात जातो.

तेव्हा नवे यंत्र आले म्हणून जुने निवृत्त झाले नाही. पिस्तुलासाठी वेगाचे, रायफलीसाठी नेमकेपणाचे, छऱ्यांच्या काडतुसांसाठी निराळे. आणि सर्वांत जुने यंत्र जळक्या टोप्या पाडण्याच्या मळक्या कामाला. एका मापावरून दुसऱ्या मापावर यंत्र लावण्यात एक संध्याकाळ जाते, म्हणून एकेका मापाला एकेक यंत्र बांधून ठेवणारेही आहेत. शिवाय ओतीव लोखंड झिजत नाही, आणि वडिलांनी वापरलेला दांडा विकावा असे मुलाला वाटत नाही. बचत म्हणून आरंभलेल्या या छंदात बहुधा बचत होत नाही. काडतूस स्वस्त पडते, म्हणून माणूस जास्त झाडतो!

परंतु या सर्वांच्या मुळाशी एक भीती आहे: उद्या मिळाले नाही तर? डिसेंबर २०१२ मध्ये न्यूटाऊन गावच्या शाळेत लहान मुलांचे हत्याकांड झाले. ज्या कनेक्टिकटमध्ये बार्लोची सांडशी जन्मली, त्याच राज्यातले हे गाव. आता कायदे कडक होतील या धास्तीने लोकांनी दुकाने रिकामी केली. मुलांच्या मृत्यूनंतर आधी काडतुसांचा साठा आठवावा, ही गोष्ट त्या समाजाविषयी पुष्कळ सांगून जाते. २०२० मध्ये महामारीच्या काळात पुन्हा तेच झाले. आणि त्या वेळी दुकानांतून सर्वांत आधी नाहीशा झालेल्या वस्तूंत एक होती ती टोपी.

पुंगळी जपून ठेवता येते, गोळी घरी ओतता येते. परंतु टोपी सामान्य माणसाला घरी करता येत नाही, ती कारखान्यातूनच यावी लागते. स्वावलंबनासाठी बाकावर पाच यंत्रे मांडून बसलेला गृहस्थ त्या दिवसांत एक यंत्र असलेल्या शेजाऱ्याइतकाच हात बांधून बसला होता. यंत्रे वाढवल्याने काम वाढते, सोय वाढते, हौसही फिटते. परावलंबन मात्र हरभऱ्याच्या डाळीएवढ्या त्या टोपीत जसेच्या तसे शिल्लक राहते.