सुरक्षा-जाळी (दारे-खिडक्यांची)

सुरक्षा-जाळी : घराच्या खिडकीवर किंवा दारावर बसवलेले धातूचे आवरण. यातून हवा आणि उजेड आत येतो, माणसाला मात्र येता येत नाही. बोलण्यात तिला गज, ग्रिल, जाळी, आणि दारावर असेल तर सेफ्टी डोअर म्हणतात. ‘जाळी’ या एकाच शब्दामुळे खरेदी करताना फसगत होते. डासांसाठी लावलेली फायबरची किंवा नायलॉनची जाळी साध्या ब्लेडने कापली जाते, तिचा चोराशी काही संबंध नाही. या नोंदीत माणसाला अडवणाऱ्या जाळीचाच विचार केला आहे.

ही जाळी बहुतेक घरांत चोरी होऊन गेल्यावरच लागते. त्यावर शेजारीपाजारी ‘बैल गेला अन् झोपा केला’ असे म्हणतात. झोपा म्हणजे गोठ्याच्या तोंडाशी लावायचे कामट्यांचे, काट्याकुट्यांचे दार. म्हणजे ही म्हणसुद्धा एका सुरक्षा-जाळीचीच आहे. पण घरफोडीच्या बाबतीत तिच्यातला उपहास चुकीचा ठरतो. एकदा फुटलेले घर पुन्हा फुटण्याची शक्यता इतर घरांपेक्षा जास्त असते, आणि ती पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असते, असे गुन्हेशास्त्राच्या अभ्यासांत वारंवार आढळले आहे. चोराला वाट, कुलूप, घरातल्यांच्या वेळा सगळे ठाऊक झालेले असते. गेलेल्या वस्तूंच्या जागी नव्या येणार हेही त्याला कळते. इंग्लंडमध्ये रॉचडेल गावातल्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच निष्कर्षावर उपाय बेतले गेले. चोरी झालेल्या घराची दारे-खिडक्या ताबडतोब पक्क्या केल्या, नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर काढले आणि आसपासच्या पाच-सहा घरांना त्या घरावर लक्ष ठेवायला सांगितले. तीन वर्षांत तिथल्या घरफोड्या सुमारे तीन चतुर्थांशांनी घटल्या. गोठ्यात दुसरा बैल असेल तर झोपा करायलाच हवा.

‘घरफोडी’ हा शब्द मुळात भिंतीचा आहे. माती-विटांच्या घरात दारापेक्षा भिंत फोडणे सोपे पडे. संस्कृतात याला संधिच्छेद म्हणतात. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाच्या तिसऱ्या अंकाचे नावच ते आहे. त्यात शर्विलक हा चोर नायक चारुदत्ताच्या घराच्या भिंतीला भोक पाडताना ते कमळासारखे करावे की पूर्णकुंभासारखे यावर शास्त्रार्थ करतो. मोजायची दोरी घरी विसरल्याने जानवे वापरतो. सकाळी चारुदत्तही आधी त्या भोकाच्या देखणेपणाचेच कौतुक करतो. आजच्या चोराला इतकी सवड नसते, आणि सिमेंटच्या भिंतीमुळे त्याचे सारे लक्ष दार आणि खिडकी या दोनच जागांवर आले आहे.

वाड्याचा बंदोबस्त वेगळा होता. मोठ्या दरवाजात वाकून शिरावे लागेल अशी दिंडी, आतून भिंतीच्या खोबणीत सरकणारी लाकडी आगळ किंवा अडसर, खिडक्यांना चौकटीतून आरपार गेलेले गज. यातली आगळ फक्त आतूनच लागते. वाड्यात कोणी ना कोणी कायम असे, म्हणून ते चालत असे. बाहेरून लावायचे कुलूप हे रिकाम्या घराचे साधन आहे. कारखान्यात बनलेली कुलपे घरोघरी पोचली ती विसाव्या शतकात. अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत कुलपांचा कारखाना १८९७ मध्ये काढला होता. नवरा-बायको दोघे नोकरीला आणि मुले शाळेत गेलेल्या फ्लॅटच्या दारावर लटकणारे कुलूप मात्र घरात कोणी नसल्याची जाहिरातच करते.

कायद्याने घरफोडी म्हणजे केवळ मोडतोड नव्हे. कुलूप उघडून शिरणे हीदेखील घरफोडीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये तिची व्याख्या आहे आणि कलम ३३१ मध्ये शिक्षा आहे. चोरीच्या उद्देशाने केलेल्या घरफोडीला दहा वर्षांपर्यंत, आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केली असेल तर चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घर फुटल्याचे दिसताच ११२ वर कळवावे, पंचनामा आणि ठसे घेणे होईपर्यंत कशाला हात लावू नये, मगच सुताराला किंवा ग्रिलवाल्याला बोलवावे. विम्याचा दावा करायचा असेल तर तुटलेल्या दाराचे फोटोही काढून ठेवावेत, कारण बळजबरीने प्रवेश झाल्याची खूण विमा कंपन्या सहसा मागतात.

‘बंद घराचा कडीकोयंडा उचकटून’ हे वर्तमानपत्रांतले ठरीव वाक्य तांत्रिकदृष्ट्या अगदी नेमके आहे. कुलूप क्वचितच तुटते. कोयंडा चौकटीला इंचभर लांबीच्या स्क्रूंनी धरलेला असतो. फटीत कटावणी घालून दाब दिला की स्क्रू लाकडासह बाहेर येतात. त्यामुळे चोरीनंतर जास्त महागाचे कुलूप आणणे हा सर्वांत लोकप्रिय आणि बऱ्याचदा सर्वांत निरुपयोगी उपाय ठरतो. आधी फाटलेली चौकट बदलावी किंवा तिला लोखंडी पट्टी मारावी, आणि कोयंडा दारातून आरपार जाणाऱ्या बोल्टने, मागे नट लावून बसवावा. खिडकीचेही तसेच. गज कितीही जाड असले तरी ग्रिल नुसत्या चौकटीवर स्क्रूने अडकवलेले असेल तर ते अख्खे उचकटून निघते. ग्रिलचे पाय होल्डफास्ट पट्ट्यांनी भिंतीत खोल रोवलेले असावेत, किंवा अँकर फास्टनर बोल्ट वापरून त्यांची डोकी वेल्डिंगने बंद करावीत. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचे पल्ले वर उचलून खोबणीतून बाहेर काढता येतात; त्यामागे ग्रिल नसेल तर ती खिडकी उघडी धरावी. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या हाताने सरकवून एकेक काढता येतात, आणि त्यांच्या शेजारूनच सहसा सांडपाण्याचा पाइप गेलेला असतो. सज्जा, पाइप आणि बाथरूमची खिडकी या तिघांची सोयरीक चोराला आधी दिसते, घरमालकाला नंतर.

सामग्रीत साध्या लोखंडाचे, म्हणजे माइल्ड स्टीलचे, १० किंवा १२ मिलिमीटरचे भरीव चौकोनी गज अजूनही सर्वाधिक चालतात. स्वस्तात देणारा कारागीर भरीव गजाऐवजी पोकळ पाइप लावतो. रंग दिल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून दर चौरस फुटावर न ठरवता वजनावर ठरवावा. समुद्राकाठी स्टेनलेस स्टील बरे, पण तिथेही प्रत पाहावी. ३०४ प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ प्रतीत याशिवाय दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असल्याने खाऱ्या हवेतले डाग आणि खड्डे कमी पडतात. ऑस्ट्रेलियात गजांऐवजी बारीक विणीची, पण घट्ट तारेची स्टेनलेस जाळी चौकटीत पकडून बसवतात. डास आणि चोर दोन्ही तिच्यापाशीच अडतात. तिकडच्या एएस ५०३९ या मानकानुसार अशा जाळीवर सुरी ओढून, धक्के देऊन आणि कटावणी घालून पाहिले जाते. युरोपच्या ईएन १६२७ मानकात आरसी १ ते आरसी ६ असे वर्ग आहेत. त्यांत आरसी २ चे दार किंवा जाळी साध्या हत्यारांपुढे तीन मिनिटे, तर आरसी ३ ची कटावणीपुढे पाच मिनिटे टिकावी लागते. न तुटणारी जाळी कोणीच बनवत नाही. जाळीच्या किमतीत मिनिटे विकत मिळतात, आणि त्या मिनिटांत आवाज होतो.

सेफ्टी डोअर म्हणजे मुख्य दाराबाहेरचे दुसरे, जाळीचे दार. याचा मोठा उपयोग घरात माणूस असतानाच होतो. कुरिअरवाला, ‘गॅस चेक करायला आलोय’ म्हणणारा अनोळखी इसम, वर्गणीवाले यांच्याशी जाळी न उघडता बोलता येते, कागदही घेता येतो. हे दार बाहेर उघडत असल्याने त्याच्या बिजागऱ्या जिन्याच्या बाजूला येतात आणि पिन ठोकून काढल्या की कुलूप तसेच राहून दार निघते. पिनांची टोके वेल्ड करून घेणे हे पाच मिनिटांचे काम आहे. लोंबत्या कुलपाऐवजी दारात बसणारे आतले कुलूप घेतले तर घर बंद आहे हे बाहेरून कळत नाही.

या साऱ्याची दुसरी बाजू आगीची आहे. मुंबई-पुण्यात खिडकीबाहेर फूट-दीड फूट काढलेली बॉक्स ग्रिल तुळस, वाळत घातलेले कपडे आणि जुने डबे ठेवायची जागा होऊन बसते; आग लागली की हाच पिंजरा ठरतो. अग्निशमन दलाच्या शिडीवरच्या माणसालाही आधी ती कापावी लागते. म्हणून प्रत्येक घरात किमान एका ग्रिलला माणसाचे खांदे सहज निघतील एवढी, बिजागरीवर उघडणारी झडप हवी, आणि ती खिडकी जिना किंवा सज्जाजवळची नसून शिडी लागू शकेल अशी रस्त्याकडची असावी. झडपेची किल्ली बाहेरून हात घालून मिळणार नाही, पण घरातल्या लहान मुलाला अंधारातही सापडेल अशा एकाच ठरलेल्या खिळ्यावर असावी. बाहेर काढलेल्या ग्रिलसाठी सोसायटीची परवानगी लागते. आत, भिंतीच्या जाडीत बसणाऱ्या ग्रिलवरून सहसा वाद होत नाही. लहान मूल असेल तर दोन गजांतले अंतर दहा सेंटिमीटरहून कमी ठेवावे, म्हणजे डोके अडकत नाही.

लोखंडी ग्रिल तळाशी, पाणी साचते त्या सांध्यापाशी आधी सडते. वरून रंग छान दिसत असला तरी दर पावसाळ्यानंतर तो सांधा पेचकसाने खरवडून पाहावा आणि रेड ऑक्साइडचा हात द्यावा. त्याच दिवशी झडपेचे कुलूप तेल घालून उघडून बघावे. न उघडलेले कुलूप कोकणात एका पावसाळ्यातच धरते.