पिशवी दाबणारा हात आणि अलार्म



इथे वफ्राला तेलविहिरींच्या आसपास विषारी वायूचा भोंगा वाजला की माणूस आधी पळतो, मग विचार करतो. आयसीयूतल्या व्हेंटिलेटरचा अलार्म उलटा. तो ऐकून माणसाने पळत यायचं असतं.

माझ्या मते या अलार्मची गोष्ट सुरू होते ऑगस्ट १९५२ मध्ये, कोपनहेगनला. पोलिओची साथ, ब्लेगडाम हॉस्पिटलात श्वास बंद पडत चाललेले रुग्ण, आणि आयर्न लंग एकच! भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी मार्ग काढला: गळ्याला छेद देऊन नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा भरायची. सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने महिनोन्महिने पिशव्या दाबत बसले. दगावण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

आता गंमत बघा. तो हातच सेन्सर होता. पिशवी घट्ट लागली म्हणजे नळीत कफ अडकला, एकदम सैल पडली म्हणजे नळी निसटली. पुढे हाताच्या जागी मशीन आलं, पण त्याला स्पर्श कुठला? नळी निसटली तरी भाता आपला बिनबोभाट वर-खाली. म्हणून तो स्पर्श आकड्यांत आणावा लागला. दाब वरच्या मर्यादेला भिडला तर अडथळा, मशीन तो श्वास तिथेच थांबवतं. ठरलेल्या दाबापर्यंत पोचलाच नाही तर नळी सुटली. १९७१ चं स्वीडिश सर्व्हो ९०० तर परत येणारी हवाही इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजायचं.

मर्यादा लावणं मात्र आमच्या सर्व्हर मॉनिटरिंगसारखंच दुखणं. फार जवळ लावली तर पेशंट खोकला तरी बोंब, आणि रात्रभर खोट्या बोंबा ऐकून कान बधिर. २००३ च्या आयईसी ६०६०१-१-८ मानकाने निदान रंग ठरवून दिले: चमकता लाल म्हणजे आत्ता धावा.

एक अलार्म रुग्णाकडे नाही, भिंतीकडे बघतो. पाइपातून येणाऱ्या ऑक्सिजनचा दाब पडला की तो वाजतो. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला, आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. अशा वेळी टर्बाइनवालं मशीन खोलीतली हवा फुंकत राहतं, पण तिच्यात ऑक्सिजन २१ टक्केच. धावत आलेल्याने करायचं ते एकच: भरलेला सिलिंडर आणायचा, आणि त्याला तसलीच पिशवी जोडून हाताने दाबत राहायचं.