सागवनांची उत्पादकता

सागवनांची उत्पादकता म्हणजे सागाच्या वनात दर हेक्टरी दरवर्षी वाढणाऱ्या लाकडाचे घनमान होय. हवामान, मृदा आणि पोषकद्रव्ये यांवर ती अवलंबून असते. भारतीय वनशास्त्रात ती बहुधा वरच्या थरातील झाडांनी ५० व्या वर्षी गाठलेल्या उंचीवरून आजमावतात.

हवामान

चँपियन व सेठ यांच्या १९६८ च्या वनवर्गीकरणात सागवने पर्जन्यमानानुसार विभागली आहेत. ९०० मिमीपेक्षा कमी पावसाची वने अतिशुष्क, तर ९०० ते १३०० मिमी पावसाची शुष्क मानली जातात. छत्रपती संभाजीनगर शहरात, म्हणजे क्रांती चौकाच्या परिसरात, वर्षाला सुमारे ७०० मिमी पाऊस पडतो आणि तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात. शहराच्या उत्तरेस असलेल्या अजिंठा डोंगररांगेतील साग त्यामुळे सहसा ठेंगणा राहतो. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीचा पाऊस जवळजवळ दुप्पट असून तेथील साग उंच व सरळसोट वाढतो.

मृदा

पॅटरसन यांचा १९५६ चा निर्देशांक तापमान, पाऊस व वाढीचा हंगाम यांवरून वनांची उत्पादनक्षमता वर्तवतो. मातीची खोली त्यात धरलेली नाही. दख्खनच्या पठारावर ही उणीव मोठी ठरते, कारण झाडाला उपयोगी पडते ते आकाशातून पडलेले सगळे पाणी नव्हे, तर मुळांच्या टप्प्यात साठून राहिलेले पाणी. डोंगरउतारावर मुरमावर वीतभर माती असते व पावसाळा संपताच ती वाळू लागते. त्याच डोंगराच्या पायथ्याशी, नाल्याकाठच्या निचऱ्याच्या खोल गाळात, तेवढ्याच पावसावर साग अधिक उंच होतो.

तरीही खोल जमीन म्हणजे चांगली जमीन असे नाही. काळ्या चिकण मातीत पावसाळ्यात पाणी तुंबून मुळांना हवा मिळत नाही आणि उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांमुळे मुळे तुटतात.

पोषकद्रव्ये

सागाला कॅल्शियम भरपूर लागते. बेसाल्टपासून बनलेल्या मृदेत कॅल्शियम व मॅग्नेशियम पुरेसे असल्याने मराठवाड्यात अडचण सहसा पाण्याची असते, खनिजांची नव्हे. कोकणातील जांभ्यावर नेमके उलट घडते: पाऊस मुबलक, परंतु त्यानेच कॅल्शियम धुऊन गेलेले असते.

नत्र मात्र मुख्यतः कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून परत मिळते. साग उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळतो आणि नेमक्या त्याच काळात वणवे लागतात. वणव्यात पाचोळ्यातील बरेचसे नत्र वायुरूपाने निघून जाते. राखेत उरलेले पालाश व कॅल्शियम उघड्या उतारावरून वळवाच्या सरींबरोबर मातीसकट वाहून जाते.