तात्यांचे खिळे

महाडजवळच्या आमच्या सव गावात सावित्रीकाठी ऊन पाण्याची कुंडं आहेत. लहानपणी तात्या, म्हणजे माझे चुलत आजोबा, पहाटे आम्हा पोरांना तिथे न्यायचे. घरी आलं की नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी. तात्यांची उमेदीची वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली. पहिल्यांदा ते दासगाव बंदरातून मुंबईला गेले, असं आजी सांगायची. तात्या म्हणायचे, छे, एसटीने. खरं काय ते दोघांबरोबर गेलं.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुलं केलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, साल नक्की आठवत नाही, मी मुंबईत मराठी पानं इंटरनेटवर चढवायच्या नोकरीला लागलो. सुट्टीत छापील नमुना घेऊन घरी आलो. तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांशी धरला आणि ओळीवरून नख फिरवत नेलं. "शिरोरेघ तुटलीय इथे." जन्मभर उलटी अक्षरं वाचलेला माणूस; सुलटं काय सुटणार!

मग मी अडचण सांगितली. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट निराळा; एकाचा 'क' जिथे, तिथे दुसऱ्याचा 'ध'. वाचणाऱ्याच्या संगणकात आमचाच फॉन्ट नसला तर मराठीच्या जागी टिंबं डोक्यावर घेतलेली परदेशी अक्षरं आणि मध्येच पौंडाची खूण.

"म्हणजे पेपराबरोबर खिळ्यांची पेटीपण घरोघर पाठवायची?"

तेच करत होतो आम्ही. 'आधी फॉन्ट उतरवून घ्या' अशी पाटी प्रत्येक पानावर.

पुढे विंडोज २०००बरोबर मंगल फॉन्ट आला, युनिकोड आलं. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. १ मे २००३ला मराठी विकिपीडियाही सुरू झाला. पण 'ऱ्या' कसा काढायचा ते सुरुवातीला पुष्कळांना ठाऊक नव्हतं. माझ्याच एका लेखात पोलादपूरकडच्या दऱ्यांचा 'दर्या' झाला. तात्या तेव्हा अंथरुणाला होते, तरी हसले. "मग बंदर काढा पोलादपुरात! अरे, त्याचा आमच्याकडे वेगळा खिळा होता."

२०२१च्या जुलैत महाडला पूर आला, तेव्हा आमच्या घरातलं खालचं सगळं भिजलं. माळ्यावरच्या डब्यातली माझ्या जुन्या पानांची सीडी तेवढी वाचली. लावून पाहिली. फाइली सगळ्या आहेत, फॉन्ट ठेवायचा राहिला. पडद्यावर पुन्हा तीच टिंबं आणि पौंड. तात्यांनी जुळवलेली एक पोथी शेजारच्या काकूंकडे आहे, ती अजून श्रावणात वाचतात.

तुमच्याकडे त्या काळातली एखादी सीडी असेल, तर तिच्यात फॉन्ट आहे का तेवढं बघा. पेटी सापडली तर अक्षरं अजून जुळवता येतात.