बक्षिसीपासून हक्कापर्यंत : दीर्घ सेवेच्या मोबदल्याचा इतिहास

१/ परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यातले वालूर हे गाव जुन्या बारवांसाठी प्रसिद्ध आहे. मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे याही परिसरात शेतीतील नोकरीचा करार गुढीपाडव्याला ठरत आला. पाडवा ते पाडवा एक साल, म्हणून नोकर तो सालगडी. रोख रक्कम, तिच्यातली आगाऊ उचल, धान्य, कपडे, वहाणा, घोंगडी हे सारे बहुधा तोंडीच ठरे.

२/ या करारात मागील वर्षांची गणती मात्र नसे. एकाच धन्याकडे वीस साले राबलेला गडीही एकविसाव्या पाडव्याला नव्याने ठरे. थकून घरी बसताना धन्याने हातावर काही ठेवले तर ते त्याचे औदार्य. न ठेवले तर दाद मागण्याची सोय नव्हती. दीर्घ सेवेचा मोबदला ही मर्जी मानावी की हक्क, हा प्रश्न या पाडव्याच्या व्यवहारातही होता आणि मुंबईच्या गिरण्यांतही.

३/ कल्पना जुनीच. ‘शुक्रनीती’त चाळीस वर्षे सेवा केलेल्या सेवकाला पुढे काम न घेता निम्मे वेतन द्यावे आणि दरवर्षी वेतनाचा आठवा हिस्सा पारितोषिक म्हणून द्यावा, असे सांगितले आहे. (या ग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत.) मराठेशाहीत कामी आलेल्या शिपायाच्या कुटुंबास ‘बालपरवेशी’ मिळे, निष्ठावंतांस इनाम मिळे. परंतु ही राजाची कृपा होती. गादीवर नवा धनी आला की जुनी सनद नव्याने करून घ्यावी लागे.

४/ कारखानदारी आली तेव्हा राजाच्या जागी मालक आला. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ मध्ये सुरू झाली. कामगार टिकावेत म्हणून तेथे बक्षिसे वाटली जात आणि १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधीही उभारला गेला. त्या काळी ही दुर्मीळ दूरदृष्टी होती. तरीही देणे न देणे मालकाच्याच हाती राहिले.

५/ पहिल्या महायुद्धात मुंबईच्या कापड गिरण्यांना अमाप नफा झाला आणि महागाईही भडकली. युद्धानंतर गिरणीमालकांनी सलग काही वर्षे एक महिन्याच्या पगाराएवढा बोनस दिला. १९२३ मध्ये नफा घटल्याचे कारण सांगून तो बंद करण्यात आला. कामगारांच्या दृष्टीने वर्षानुवर्षे मिळणारी ही रक्कम आता पगाराचाच भाग झाली होती.

६/ जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले आणि गिरणगाव दोन महिने थंडावले. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने निर्णय दिला की, रूढी, कायदा वा न्यायबुद्धी यांपैकी कशाच्याही आधारे कामगारांना बोनसचा दावा लागू करून घेता येणार नाही. संप मोडला.

७/ हा निर्णय उलटायला चार दशके लागली. १९५० मध्ये मुंबईच्याच गिरण्यांच्या वादात कामगार अपील न्यायाधिकरणाने सूत्र घालून दिले : घसारा, यंत्रांचे पुनर्वसन, कर आणि भांडवलावरील परतावा वजा केल्यावर उरणाऱ्या नफ्यात कामगाराचाही वाटा आहे. १९६५ मध्ये बोनस कायदा आला. त्यातील किमान बोनस पुढे ८.३३ टक्के झाला. म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. १९२३ मध्ये नाकारला गेलेला तोच एक महिन्याचा पगार.

८/ तरीही एक उणीव राहिली. बोनस त्या त्या वर्षाचा असतो. दोन वर्षांचा कामगार आणि पंचवीस वर्षांचा कामगार यांना तो एकाच टक्क्याने मिळतो. आयुष्य वेचल्याचा हिशेब ‘उपदान’ अर्थात ग्रॅच्युइटीने व्हायचा होता. या इंग्रजी शब्दाच्या मुळाशीच ‘कृपेने दिलेले’ असा अर्थ आहे.

९/ त्या अर्थाला छेद दिला तो साताऱ्याच्या एका न्यायमूर्तींनी. १९६१ मध्ये मुंबईच्या गारमेंट क्लीनिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी स्पष्ट केले की, उपदान ही मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे. ते एकदा कमावले की सहजासहजी हिरावून घेता येत नाही. पुढील निकालांत याला काही मर्यादा पडल्या, पण दिशा ठरली.

१०/ १६ सप्टेंबर १९७२ रोजी उपदान कायदा अमलात आला. सलग पाच वर्षे सेवा झाली की प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरायचे. शेवटचा पगार २६,००० रुपये आणि सेवा २० वर्षे असेल, तर वर्षाला १५,००० प्रमाणे ३ लाख रुपये. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास पाच वर्षांची अट नाही.

११/ नोकरीच्या करारांवर या कायद्याचा मोठा परिणाम झाला. करारात यापेक्षा अधिक देण्याचे ठरवता येते. कमी देण्याचे कलम घातले तरी ते टिकत नाही. कामगाराने स्वतः सही करून सोडलेला हक्कही कायद्यापुढे सुटत नाही. १९२४ च्या समितीला रूढीत जो आधार सापडला नव्हता, तो आता कायद्यातच होता.

१२/ पण हा कायदा दहा वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांसाठी होता. एकदोन गडी ठेवणारी शेती त्यात बसली नाही. गिरणीत वीस वर्षांचे वीस पंधरवडे जमा होत. शिवारात मात्र प्रत्येक पाडव्याला पाटी पुन्हा कोरी होई.

१३/ कायद्याची कक्षा रुंदावण्याची प्रक्रिया अजून चालूच आहे. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, अंगणवाडी सेविका व मदतनीस याही उपदानास पात्र आहेत. ‘मानधन’ या शब्दाआड दडलेली त्यांची वर्षे त्यामुळे सेवा म्हणून मोजली जाण्याचा मार्ग खुला झाला. सालगड्याची वर्षे मोजणारा असा निकाल वा कायदा अद्याप झालेला नाही.